ठोकल्याशिवाय बोलत नाही

गॅसचा लायटर हे घरातलं असं एकमेव विजेचं यंत्र आहे, की ज्याला प्लग लागत नाही, सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही आणि ज्याचं बिलही येत नाही. साहजिकच त्याला घरात काडीची किंमत नाही. मिक्सरला शिवून घेतलेलं कव्हर असतं, फ्रीजच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल असतो, टीव्हीचा रिमोट वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो. लायटर मात्र ओट्याशेजारच्या खिळ्याला उलटा टांगलेला, अंगावर उतू गेलेल्या दुधाचे आणि उडालेल्या फोडणीचे डाग घेऊन. तो कोणी दुरुस्तीला नेलेला मी आजवर पाहिलेला नाही.

तो पेटला नाही तर संशय आधी सिलिंडरवर जातो. सिलिंडर हलवून बघितला जातो. मग रेग्युलेटर. मग शेगडीचं बटण. चार-पाच वेळा टकटक झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं, की गॅसचा वास तर चांगलाच सुटलाय. खिडकी उघडली जाते आणि निकाल लागतो, ‘ओल्या हाताने धरला असणार!’ वाक्यात कुणाचंही नाव नसतं, तरी ज्या सुनेला ते ऐकू जायचं तिला बरोबर जातं.

विज्ञान इथे सासूच्या बाजूचं आहे. लायटरचा खटका दाबला की आतली स्प्रिंग आवळत जाते, एका क्षणी सुटते आणि एक चिमुकला हातोडा चिनी मातीच्या जातीतल्या एका छोट्या नळकांड्यावर फाडकन बसतो. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांचं मिश्रण भाजून हे नळकांडं केलेलं असतं. त्याला तडाखा बसला की त्याच्या दोन टोकांत काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो आणि पुढच्या फटीतून ठिणगी उडी मारते. वीज हजारो व्होल्टची, पण इतकी थोडी आणि इतक्या कमी वेळाची, की तिच्याने फार तर हात झटकला जातो. मात्र फटीशी पाण्याचा ओलावा असेल तर विजेला हवेतून उडी मारायचं काही कारणच उरत नाही. ती ओलाव्यावरून गुपचूप पलीकडे चालत जाते, आणि आपण टकटक करत बसतो.

मार खाऊन वीज देण्याचा हा गुण पियर आणि जाक या क्युरी बंधूंनी १८८० साली पॅरिसमध्ये शोधला. पियर तेव्हा २१ वर्षांचा होता, जाक थोरला. हे दोघे भाऊ निरनिराळे खडे दाबून बघत आणि वीज येते का ते मोजत. त्यांच्या यादीत क्वार्ट्झ होता, तुरमली होती, पुष्कराज होता, रोशेल सॉल्ट नावाचा एक क्षार होता आणि चक्क उसाची साखर होती. साखर दाबली की करंट येतो, हे क्युरी बंधूंना १८८० साली कळलं. आपल्या सहकारमहर्षींना ते बरंच उशिरा कळलं, पण जास्त चांगलं कळलं.

आपल्या शाळेच्या पुस्तकात पियर क्युरी येतो तो मादाम क्युरींचे यजमान म्हणून. जाक तर तेवढाही येत नाही. वास्तविक युरेनियमच्या खनिजातून निघणारा किरणोत्सर्ग मेरीबाईंनी मोजला तो या दोघा भावांनी केलेल्या क्वार्ट्झच्या उपकरणावर. म्हणजे यंत्र नवऱ्याचं आणि थोरल्या दिरांचं. त्या यंत्राच्या बळावर १८९८ साली नवं मूलद्रव्य हाती लागलं, तेव्हा बाईंनी त्याला नाव दिलं पोलोनियम. त्यांचं माहेर पोलंडचं. सासरच्या सामानावर माहेरचं नाव घालण्याचा इतका देखणा प्रकार विज्ञानाच्या इतिहासात दुसरा नसावा.

या गुणाची उलटी बाजूही आहे. खड्याला दाबलं तर तो वीज देतो, तसंच त्याला वीज दिली तर तो अंग हलवतो. हे गाब्रिएल लिपमान यांनी १८८१ साली कागदावर मांडून दाखवलं आणि क्युरी बंधूंनी ताबडतोब करून पाहिलं. आज भिंतीवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा जो बारीक तुकडा असतो, तो विजेच्या बोटावर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. या आकड्याला लागोपाठ पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, आणि तोच सेकंदकाट्याचा एक ठोका. १९६९ च्या नाताळात जपानी सेइको कंपनीने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. आता ते घड्याळ भाजीबाजाराच्या तोंडाशी टोपलीत मिळतं. सेकंदाचे इतके बारीक तुकडे पाडून हातात दिले, तरी आमच्याकडचं एकही लग्न मुहूर्तावर लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या महायुद्धात पियर क्युरींचे शिष्य पॉल लांजव्हॅं यांनी याच खड्याला पाण्यात उतरवलं. वीज देऊन त्याला ओरडायला लावायचं, मग गप्प बसवायचं आणि पाण्याखाली दडलेल्या पाणबुडीवरून परत येणारा प्रतिध्वनी त्यालाच ऐकायला लावायचं. सोनोग्राफीच्या यंत्रात आज हेच चालतं. जो बोलतो तोच ऐकतो, आणि बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ऐकण्यात घालवतो. हा क्रम माणसांच्या बैठकीत फारसा आढळत नाही. या यंत्राने ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, असा कायदा मात्र आपल्याला करावा लागला. गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा त्यानंतर, १९९४ चा. दवाखान्यात दर्शनी भागात लावलेली ती पाटी वाचताना विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

आमच्या अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निक कॉलेजांत मात्र हा खडा फारच लाडका आहे. प्रकल्प-प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जायची वेळ माझ्यावर अधूनमधून येते, कारण वर्तमानपत्रात विज्ञानावर लिहिणाऱ्याला विज्ञान कळतं असा एक समज आहे. ‘पावलांतून वीज’ हा प्रकल्प नाही असं एकही प्रदर्शन मी पाहिलेलं नाही. खाली प्लायवूडची फळी, वर प्लॅस्टिकची हिरवळ आणि मध्ये पितळी चकत्या. या चकत्या पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पिशवीने मिळतात. आकार दहा रुपयांच्या नाण्याएवढा, मध्यभागी पांढरी टिकली. ती टिकली म्हणजेच आपला खडा, पितळेवर पापुद्र्यासारखा चिकटवलेला. त्याच्यावर चांदीचा एक अतिपातळ थर असतो आणि तारेचं टोक त्या थराला डाग देऊन जोडायचं असतं. डाग देणाऱ्याचा हात क्षणभर जास्त रेंगाळला, की थर सुटून तारेबरोबर वर येतो आणि चकती कायमची मुकी होते. म्हणून पोरं वीस आणतात आणि फळीवर बारा दिसतात. ‘बाकीच्या आठ?’ असं विचारलं की गटातला एक जण दुसऱ्याकडे बघतो आणि तो दुसरा छताकडे.

प्रात्यक्षिकाचा थाट बघण्याजोगा असतो. दालनातले दिवे मालवले जातात. प्रमुख पाहुण्यांना बूट काढायला लावतात, कारण मागच्या पाहुण्यांच्या टाचेने दोन चकत्या गेलेल्या असतात. पाहुणे फळीवर पाऊल ठेवतात आणि समोरच्या पुठ्ठ्यावर लावलेले सात-आठ एलईडी डोळा मिचकावून विझतात. टाळ्या होतात. पाहुणे पुन्हा पाऊल ठेवतात, पुन्हा मिचकी. मग पाहुण्यांना ते आवडू लागतं आणि फोटोग्राफर येईपर्यंत ते जागच्या जागी पाय आपटत राहतात. संस्थेचे सचिव आयुष्यात पहिल्यांदाच पाहुण्यांना नाचताना बघत असतात.

‘सर, ही फरशी दादर स्टेशनच्या पुलावर बसवली तर?’ गटाची म्होरकी सांगते. ‘रोज लाखो लोक चालतात. अख्खं दादर उजळेल.’

दादरच्या पुलावर लोक चालत नाहीत, ते ढकलले जातात, हा मुद्दा सोडून देऊ. हिशेब सोपा आहे. साठ किलोचा माणूस, फरशी त्याच्या वजनाखाली पाच मिलिमीटर दबली असं धरू. एका पावलातून जास्तीत जास्त तीन ज्यूल ऊर्जा मिळाली, तीही वाटेत काही सांडलं नाही तर. विजेचं एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटासाठी बारा लाख पावलं. चकत्या प्रत्यक्षात देतात ते याच्या फारच खाली, कारण त्या पाच मिलिमीटर दबत नाहीत, मोडतात. बारा लाख माणसांनी एकेक पाऊल द्यावं आणि त्यातून एक इस्त्री तासभर चालावी, असा हा सहकार आहे.

शिवाय हे युनिट फुकटचंही नाही. दबणाऱ्या फरशीवरून चालायला जास्त जोर लागतो, कोरड्या वाळूतून चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना विचारा. तो जोर येतो खाल्लेल्या अन्नातून. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी धरल्या तर तीन वडापाव म्हणजे साधारण एक युनिट, आणि त्यातही पोटाचं कमिशन वेगळं. तीन वडापावांना आज किती पडतात आणि एका युनिटाला किती, याची बेरीज-वजाबाकी स्टेशनाबाहेरच्या गाडीवाल्यालाही जमेल. जपानने हे करून बघितलं. तिथल्या पूर्व जपान रेल्वेने टोकियो स्टेशनात तिकीट तपासायच्या फाटकांखाली अशी फरशी २००६ साली घातली, सुधारून २००८ साली पुन्हा घातली. प्रयोग म्हणून उत्तम. रेल्वे मात्र अजून तारेवरच्या विजेवर धावते.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सर, हे बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना सांगू नका हं.’ बाहेरून आलेला परीक्षक मीच होतो. गटाला दुसरं बक्षीस मिळालं.

खरं तर त्या चकतीला आपण चुकीच्या नोकरीला लावलेलं असतं. हमाल म्हणून ती कुचकामी आहे, पण चहाडखोर म्हणून अव्वल. कुणीतरी पाऊल ठेवलं एवढं कळवायला तिच्याकडे वीज भरपूर असते. दार वाजलं, काच तडकली, इंजिनात खडखड झाली, वाघोबाचं चित्र असलेल्या खेळण्यातल्या तबल्यावर पोराने थाप मारली, की ती लगोलग जाऊन सांगते. इन्व्हर्टरची पींपीं, तापमापकाची टीटी, गाडी मागे घेताना वाढत जाणारी टिकटिक, ही सगळी या खड्याच्या कुळातली मंडळी. अडचण एकच. हाक आली की हा ओ देतो, पण हाक आपल्याला मारली का, हे विचारायची त्याला सवय नाही.

ही खोड आवाज ऐकणाऱ्या सगळ्याच यंत्रांत आहे. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५६ साली टीव्हीचा रिमोट काढला, त्यात सेलच नव्हता. विक्री विभागाचं म्हणणं, सेल संपला की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला म्हणून बोंब मारेल. म्हणून रॉबर्ट ॲडलर नावाच्या शास्त्रज्ञाने आत ॲल्युमिनियमच्या चार कांड्या बसवल्या. बटण दाबलं की इवला हातोडा कांडीवर बसायचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा आणि टीव्ही तो ऐकून चॅनल बदलायचा. युक्ती झकास. पण त्याच पट्टीतला आवाज किल्ल्यांच्या जुडग्यातून आणि खिशातल्या चिल्लरीतूनही निघतो. नवरा खिसा खुळखुळवत खोलीत आला की बायकोची मालिका जायची. कल्पना करा, आपल्याकडे हा रिमोट आला असता तर हिरव्या चुड्याची नवी नवरी घरात येताच सगळी वाहिन्यांची वाटणी कोसळली असती.

टाळी वाजवली की लागणारा दिवा तिकडे ऐंशीच्या दशकात घरोघर गेला. आपल्याकडे तो इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांतून आला आणि हौशी पोरांनी हॉलमध्ये बसवला. टाळी, शिंक, पडलेलं ताट आणि आजोबांचा खोकला यांत त्याला फरक कळत नसे. त्याची खरी कसोटी भाद्रपदात लागायची. आरतीला सगळं घर टाळ्या वाजवायला उभं राहिलं, की मखरावरचा दिवा लागायचा, विझायचा, लागायचा, विझायचा. पाहुण्यांना वाटायचं रोषणाई आहे. मंत्रपुष्पांजलीला टाळ्या थांबत आणि दिवा नेमका विझलेल्या बाजूला थांबे. अंधारात प्रसाद वाटला जाई आणि मोदक मोजून कुणी घेत नसे.

कुकरच्या शिट्ट्या मोजणारी मोबाइल ॲपंही आहेत. दूरदेशी गेलेल्या लेकाने आईच्या फोनवर ते घालून दिलं, त्याचं हे संभाषण मी शेजारी बसून ऐकलं.

‘आई, आता तू बिनधास्त बाहेर बस. तीन झाल्या की हा ओरडेल.’

‘अरे, झाल्या म्हणतोय. कुकर अजून लावलाच नाही मी.’

‘मग कुणाच्या मोजल्या त्याने?’

‘वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या. त्यांच्याकडे आज राजमा दिसतोय, थांबतच नाहीये.’

मग कुकर लावला गेला आणि खरी भानगड सुरू झाली. कारण शिट्टी म्हणजे काय, याची व्याख्या त्या ॲपकडे होती आणि त्या माउलीकडेही होती, पण दोन्ही जुळत नव्हत्या. पहिली फुसफुसली, ती धरायची नाही. दुसरी अर्धी. तिसरी लांबली, म्हणून ती दीड. वरण नवीन डाळीचं असेल तर एक कमी, पाहुणे येऊन बसले असतील तर गॅस मोठा, म्हणून अर्धी जास्त. हे सगळं ती आतल्या खोलीत साडीच्या घड्या घालत, माझ्याशी बोलत, मालिका बघत मोजत होती. ॲपने ‘तीन’ म्हटलं तेव्हा तिने फोन उलटा ठेवला.

मुंबई पोलिसांनी मात्र यंत्राच्या या खोडीचाच उपयोग करून घेतला, आणि त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा काही ठिकाणी त्यांनी सिग्नलच्या खांबाला आवाज मोजणारं यंत्र जोडलं. लाल दिवा असताना हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे उलटे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितके जास्त हॉर्न, तितका जास्त मुक्काम. २०२० च्या जानेवारीअखेर त्याची चित्रफीत बाहेर आली आणि देशभर गाजली. तीत चालकांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस असे आकडे उतरत असतात, मागून कोणीतरी कुजबुजल्यागत एक पीं करतो, त्याला बाकीचे साथ देतात, आणि आकडा टुणकन वर.

न्यायाच्या दृष्टीने या योजनेत एकच दोष होता, तो म्हणजे तिच्यात शिक्षा सगळ्यांना व्हायची. पुढच्या ओळीतल्याला खांबावरचा आकडा दिसतो. तो निमूट बसलेला असतो. सातव्या रांगेतल्या टेम्पोवाल्याला काहीच दिसत नाही. त्याचा साधा प्रश्न असतो, सिग्नल सुटत का नाही? हा प्रश्न तो त्याला ठाऊक असलेल्या एकमेव भाषेत विचारतो. त्यामुळे सिग्नल सुटत नाही. त्यामुळे तो पुन्हा विचारतो. पुढचा मग उतरून मागे जातो आणि टेम्पोवाल्याला जे काही ऐकवतो, त्याचे डेसिबलही खांब मोजतच असतो.

अमेरिकेतल्या काही शहरांत गोळीबार ऐकणारे मायक्रोफोन खांबांवर आणि छपरांवर लावलेले आहेत. शॉटस्पॉटर हे त्यांतलं बडं नाव, ते काढणारी कंपनी १९९६ पासूनची. तीन-चार मायक्रोफोनांनी एकच बार किंचित वेगवेगळ्या वेळी ऐकला की त्या फरकावरून जागा काढायची, असा तो हिशेब. तो फटाक्याला आणि गाडीच्या धुराड्यातल्या बारालाही गोळी समजतो, अशी तक्रार वर्षानुवर्षं चालली आणि शिकागोने २०२४ च्या सप्टेंबरात ते बंद केलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ते आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावी बसवलं तर यंत्र पहिल्या दहा मिनिटांत युद्ध जाहीर करेल. आणि नवरा-नवरीच्या मिरवणुकीपुढचा डीजे ऐकून शरण येईल.

या सगळ्यांत प्रामाणिकपणा तरी आहे. डास पळवणाऱ्या आवाजाच्या यंत्रांत तोही नाही. प्लगला लावायची ही डबी म्हणे असा काही बारीक आवाज काढते, की डासिणी घाबरून घर सोडतात. २००७ साली कॉक्रेन या नावाजलेल्या वैद्यकीय परीक्षण-संस्थेने दहा प्रत्यक्ष चाचण्यांचा आढावा घेतला. डासांवर काडीचाही परिणाम नाही. काही ठिकाणी तर यंत्र चालू असताना डास जरा जास्तच बसले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच साठांहून जास्त उत्पादक आणि विक्रेत्यांना दम दिला होता, की असले दावे करायचे तर पुरावा दाखवा. तरीही ही डबी खपते, आणि तिच्या हिरव्या दिव्याच्या उजेडात डासांना आपण नीट दिसतो.

आता ज्यांना खरंच ऐकू येतं त्यांच्याकडे वळू. पाण्याच्या जमिनीखालच्या नळाला गळती कुठे आहे, हे शोधणारी माणसं रात्री निघतात, कारण दिवसा रस्ता बोलत असतो. हातात एक लांब लोखंडी सळई. तिचं एक टोक व्हॉल्व्हवर किंवा नळावर, दुसरं कानाशी. दाबाखालचं पाणी भोकातून निसटताना सूं असा आवाज करतं, तो लोखंडातून वर येतो. रात्री दोन वाजता भर रस्त्यात वाकून सळईला कान लावलेल्या माणसाकडे सोसायटीचा रखवालदार ज्या नजरेने बघतो, ती नजर हा त्या कामाचा भाग आहे.

‘काय ऐकताय?’

‘पाणी.’

‘आमच्या नळाला तर येत नाही.’

‘तेच ऐकतोय, कुठे जातंय ते.’

आता या कामाला खड्याचे सेन्सर आले. नळावर दोन ठिकाणी ते चिकटवतात. गळतीचा आवाज एकाकडे आधी पोहोचतो, दुसऱ्याकडे नंतर, आणि त्या उशिरावरून यंत्र भोकाची जागा सांगतं. ते उत्तम चालतं. फक्त नळात पाणी असावं लागतं. जिथे दिवसाआड दोन तास पाणी येतं तिथे नळ आणि गळती दोघंही एकदमच गप्प असतात, आणि ज्या दोन तासांत गळती बोलते त्या दोन तासांत सगळी गल्ली बादल्या घेऊन तिच्यापेक्षा मोठ्याने बोलत असते.

कोकणात माडाचा एक वैरी आहे, सोंड्या भुंगा. त्याची मादी खोडाच्या जखमेत अंडी घालते, अळ्या आतून माड पोखरतात आणि बाहेरून झाड हिरवंगार दिसतं. शेंडा कलला तेव्हा फार उशीर झालेला असतो. जुने बागायतदार खोडाला कान लावतात. आत अळ्या खात असतील तर कुरकुर ऐकू येते. हा भुंगा आपल्या आशियातलाच. पण ऐंशीच्या दशकात कोकणातली पोरं आखातात गेली, त्याच सुमारास हाही रोपांबरोबर आखातात पोहोचला आणि तिथल्या खजुरावर स्थायिक झाला. पोरांनी घरी मनीऑर्डरी धाडल्या, याने तिथल्या शेतकऱ्यांना रडवलं. म्हणून त्याच्या चावण्याचा आवाज पकडायची यंत्रं तिकडेच जोमाने निघाली. खोडात टोचायचे सेन्सर झाले, आणि सौदी अरेबियातल्या एका विद्यापीठात झाडांभोवती गुंडाळलेल्या काचेच्या तंतूंतून अळीचं खाणं ऐकायचा प्रयोगही २०२० मध्ये झाला.

मालवणकडच्या एका बागेत मी हे सगळं वर्णन करून सांगितलं. बागेचे मालक, सत्तरीचे काका, खोडाला गाल लावून उभे होते. डोळे मिटलेले. त्यांनी एक हात वर करून मला गप्प केलं.

‘आसत,’ ते म्हणाले. ‘तीन-चार तरी आसत.’

‘काका, मशीन अगदी बारीक अळीसुद्धा पकडतं. कानाला कळेपर्यंत ती मोठी झालेली असते.’

‘ता खरा,’ त्यांनी मान्य केलं. ‘माझो कान आता म्हातारो झालो. पण मशीन इला तरी तेका आधी तुमच्यासारख्याक गप्प करूचा लागतला.’

कलिंगडाचं शास्त्र मात्र सगळ्यांनाच येतं, असं सगळ्यांनाच वाटतं. टिचकी मारायची, कान तिरपा करायचा, चेहरा गंभीर करायचा आणि काही न कळता पुढच्या कलिंगडाकडे वळायचं. यात तथ्य आहे. फळ पिकत जातं तसा गर मऊ होतो आणि ठोकल्यावरचा नाद खाली उतरतो. सफरचंदं आणि कलिंगडं ठोकून त्यांच्या नादाची वारंवारता कशी मोजावी, हे जपानी संशोधकांनी १९८० मध्येच मांडलं होतं. त्यावर आता फोनची ॲपंही आहेत. एका उन्हाळी संध्याकाळी हायवेच्या कडेला, कलिंगडांच्या ढिगापाशी, एक तरुण जोडपं तेच करत होतं. नवऱ्याने फोन कलिंगडावर टेकवला, दुसऱ्या हाताने ठोकलं, पडद्यावर चक्र फिरलं. मागून ट्रक गेला. पुन्हा ठोकलं. मागून एसटी गेली. बायको उन्हात उभी राहून आणखी किती फळांची तपासणी बाकी आहे ते मोजत होती. अखेर एका फळावर फोन प्रसन्न झाला.

‘ऐंशी टक्के पिकलेलं आहे म्हणतोय,’ नवऱ्याने विक्रेत्याला सांगितलं.

विक्रेत्याने इतका वेळ एका शब्दाने अडवलं नव्हतं. त्याने सुरी उचलली, पुसली आणि विचारलं, ‘साहेब, उरलेले वीस टक्के कुठल्या बाजूला आहेत तेवढं विचारा. ती फोड मी ठेवतो.’